धर्माच्या गाईचे दात

भाऊ, परवा तुमचा तेरावा झाला. काल मी वलवणला परत आले आणि आज शाळेत गेले. मोठे सर म्हणाले, अजून दोन दिवस थांबायचं होतंत. मी म्हटलं, नववीचं इंग्रजी मागे पडलंय. खरं कारण हे की घरी बसले असते तर दिवसभर फोनकडे बघत बसले असते, आणि तुमच्या फोनची वेळ झाली की वेड्यासारखी उठले असते.

पण तुम्ही तिथेही पाठ सोडली नाहीत. पुस्तक उघडलं तर धड्याखालच्या चौकटीत आपलंच भांडण छापलेलं. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ.' मी फळ्यावर वाक्य लिहिलं, खाली अर्थ लिहिला, भेट म्हणून मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, पण घोड्याच्या तोंडात बघायचंच कशाला? काय असतं तिथं?"

"दात," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वर्गाला वाटलं असणार, मॅडमची दाढ दुखतेय. दोन पोरं तोंडावर हात ठेवून हसली. हसू दे. तुम्हीही हसला असता.

तुम्ही माझे वडील नव्हता, आणि ही गोष्ट मी तुम्हाला सदतीस वर्षांत एकदाही विसरू दिली नाही. सगळं गाव तुम्हाला भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणत राहिले. गावाला जेवढे, तेवढेच मला, असा त्याचा अर्थ होता. तुम्हाला तो कळत होता आणि तरी 'ओ' देत होतात.

माझे वडील तापाने गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. वर्षभराने तुमचा आणि आईचा पाट लागला. तुमची पहिली बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या अलीकडचं आमचं घर बंद झालं आणि आम्ही मायलेकी पलीकडे तुमच्या घरी आलो. वडिलांची भाताची चार खाचरं ओढ्याकाठी, तुमच्या शेताला लागूनच होती. तुम्ही ती कसायला लागलात आणि आंदर मावळातल्या आपल्या तीस उंबऱ्यांच्या गावाला बोलायला विषय मिळाला. नळावर बायका माझ्यासमोरच म्हणायच्या, "त्यानं बाई न्हाई बगितली, खाचरं बगितली." आठ वर्षांच्या पोरीला काही कळत नाही असं मोठ्या माणसांना का वाटतं कोण जाणे. मला सगळं कळत होतं. कळत होतं त्याहून जास्तच कळत होतं.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही गाय आणलीत. "पोरीला दुदाला," म्हणालात. बाजारात व्यापारी जनावराचं तोंड उघडून बघतात, हे मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेलं. तुम्ही वैरण आणायला गेलात तशी मी गोठ्यात शिरले आणि गाईचा वरचा ओठ उचलला. वर एकही दात नाही. नुसती हिरडी! मी अंगणात येऊन बोंब ठोकली, "आई गं, ह्यानं बोळकी गाय आनली! आपल्याला फसवलं ह्यानं!"

अर्धं गाव गोळा झालं. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही गवताचा भारा टाकून आलात, हकीकत ऐकलीत आणि हसता हसता खालीच बसलात. मग मी किंचाळत असताना माझा हात धरून गाईच्या तोंडात घातलात. "चाचप. गाईला वर म्होरं दात नसत्यात. कुटल्याच गाईला नसत्यात. खालीच आठ दिल्यात देवानं. मोज." मी मोजले. आठ होते. "जुळल्यात का? म्हंजी तरनी हाय गाय. आता पटलं?" मला पटलं होतं. पण 'पटलं' असं मी म्हटलं नाही. ती खोड मला तिथूनच लागली, आणि तुमच्यापाशी ती कधी गेली नाही.

शेतकऱ्याची पोर आणि गाईचे दात माहीत नाहीत, म्हणून गावाने मला पुढे वर्षभर चिडवलं. तुम्ही मात्र कधी चिडवलं नाहीत. तुम्ही एवढंच म्हणायचात, "तिनं बगितलं तरी. तुमी कोनी बगितलं व्हतं का?"

तुमच्या घरी मी जेवत नव्हते. म्हणजे दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. आई रडायची, मारायचीसुद्धा. तुम्ही 'जेव' असं एकदाही म्हणाला नाहीत. लांबून नुसते बघायचात, आणि त्या बघण्याचा मला इतका राग यायचा की दुसरा घासही गिळवत नसे. पंधरा दिवसांनी तुम्ही आईला म्हणालात, "तिला भाकर नगं. तिच्या बापाच्या खाचरातला आंबेमोहर हाय ना कनगीत, त्याचा मऊ भात कर. आन् ताट पडवीत दे तिला. माज्याम्होरं नगं." मी पडवीत बसून भिंतीकडे तोंड करून तो भात खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढे सगळ्या गावाने इंद्रायणी लावला. जास्त पिकतो, वाऱ्याने लोळत नाही. तुम्हीही आपल्या शेतात इंद्रायणीच लावलात. वडिलांच्या खाचरांत मात्र दर साली आंबेमोहरच. लोक हसायचे. मी हसत नव्हते, मला त्यात डाव दिसायचा. वासाचा तांदूळ आहे, कुणाकुणाला देऊन आपलं वजन वाढवत असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तळेगावला कॉलेजात जायला लागल्यावर एकदा आईला विचारलं, भाऊंना आंबेमोहर एवढा आवडतो का गं? आई म्हणाली, "त्यांस्नी कुटं आवडतो? गिचका भात म्हनत्यात. त्यांचं आपलं भाकरीबिगर पोट भरत न्हाई." मी ते ऐकलं आणि बस पकडायला पळाले. विचार केला नाही. विचार केला असता तर माझंच सगळं कोसळलं असतं ना.

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

मला लोणावळ्यात नोकरी लागली होती, वलवणचं स्थळ ठरलं होतं, लग्नाला महिना राहिला होता. नळावरचीच कुणीतरी म्हणाली, "पोरी, तू आता जाशील. खाचरं कवाच त्याच्या नावावर झाली आसतील." माझ्या डोक्यात ते भुंग्यासारखं बसलं. एका सकाळी मी घरात सांगितलं, साडी बघायला तळेगावला जाते. आणि गेले तलाठ्याच्या कचेरीत. चार खाचरांचा सातबारा मागितला.

कागदावर दोन नावं होती. आईचं आणि माझं. मी उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. कसणाऱ्याच्या रकान्यातसुद्धा तुम्ही आईचंच नाव लावून घेतलेलं. पंधरा वर्षं ज्या चिखलात तुम्ही गुडघाभर उभे राहिलात, त्या चिखलाच्या कागदावर तुमचा मागमूस नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी कचेरीबाहेरच्या चिंचेखाली बसले आणि मला इतकी लाज वाटली की उठवेना. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी आले, साडी का आणली नाही हे कुणी विचारलंही नाही.

सांगायचं होतं तुम्हाला. माफी मागायची होती. पण कशी मागणार? 'भाऊ, तुम्ही चोर आहात की नाही ते मी बघून आले' असं म्हणायचं? लग्न होऊन जाऊ दे मग सांगू, असं ठरवलं. मग मुलगी झाल्यावर सांगू. मग ती मोठी झाल्यावर. बावीस वर्षं ते वाक्य मी इथून माहेरी नेलं आणि परत आणलं.

लग्नात तुम्ही मला आंदण गाय दिलीत. त्या पहिल्या गाईची नात, कपिला. तुम्ही स्वतः तिला टेम्पोतून वलवणला घेऊन आलात. माझ्या सासूबाईंनी ओवाळलं, हळदकुंकू लावलं आणि लगोलग सगळ्यांदेखत तिचं तोंड उघडलं. "अहो, दात झिजलेत की हिचे!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवी नवरी असून मी तोंड सोडलं. म्हटलं, आपल्यात म्हणतात ना, धर्माची गाय अन् दात का नाय? इंग्रजीतही हेच म्हणतात, दान मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये. सासूबाई हात मागे घेणार तोच तुम्ही म्हणालात, "बगू द्या त्यास्नी. बगावंच. उतारवयाची हाय, मी लपवत न्हाई. पोरीला वळखती म्हनून हीच आनली. नव्या घरात कोन तरी वळखीचं आसावं." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आन् तोंड उघडल्याबिगर खायला काय घालायचं ते कसं कळंल, मास्तरीनबाई? कडक पेंढा टाकला आन् हिला चावला न्हाई, तर भरल्या गव्हानीम्होरं उपाशी मरंल ती."

तुम्ही आणि सासूबाई गाईपाशी उकिडवे बसलात आणि पेंढा किती बारीक तोडायचा, कोंडा किती भिजवायचा हे ठरवत बसलात. माझे कान मात्र तापले होते. ते 'बगावंच' माझ्यासाठी होतं का? सातबाऱ्याचं तुम्हाला कळलं होतं का? मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं. तुम्ही कपिलाच्या मानेखाली खाजवत होता आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

तिथून आपलं भांडण लागलं ते लागलंच. मी माहेरी आले की तुमचा पहिला प्रश्न, "काय म्हनतोय तुजा घोडा?" मी तुम्हाला त्या वाक्याचं मूळ सांगितलं होतं. घोड्याचं वय दातांवरून काढतात, वय वाढेल तशी हिरडी मागे सरते आणि दात लांब दिसायला लागतात. म्हणून विकत घेणारा आधी तोंड उघडतो. पण कुणी प्रेमाने घोडा दिला आणि त्याच्यासमोरच तुम्ही तोंड उघडलंत, तर तो देणाऱ्याचा अपमान. इंग्रजांच्याही आधी लॅटिनमध्ये हीच म्हण होती, असं सांगितलं तेव्हा तुम्ही भुवया उंचावल्यात. "म्हंजी समद्या दुनियेत लोक जनावरांची तोंडं उघडीत बसल्यात? मला वाटलं आपल्याकडंच." फार समाधान झालं होतं तुम्हाला त्याचं.

अर्थ मात्र तुम्हाला कधी मान्य झाला नाही. "ही म्हन देनाऱ्यानं काढलीया," तुम्ही म्हणायचात. "घेनाऱ्यानं न्हाई. आन् गाईनं तर न्हाईच न्हाई. गाईला इचारा, ती म्हनंल, बाबा बग, नीट बग, मंगच वैरन टाक." मी म्हणायचे, भाऊ, म्हण गाईबद्दल नसते, माणसांबद्दल असते. तुम्ही म्हणायचात, मान्सांचं तर आनखीनच. आई मधेच म्हणायची, "पदरी पडलं पवित्र झालं म्हनावं आन् गप ऱ्हावं. मी न्हाई का ऱ्हायले?" आणि तुमच्याकडे बघून हसायची.

एकदा तुम्ही वलवणला आलात तेव्हा धरणाच्या बाजूला फिरायला गेलो होतो. पर्यटकांना रपेट घडवणारा एक घोडेवाला उभा होता. तुम्ही सरळ त्याच्याकडे गेलात, "जरा तोंड बगू का?" त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्याने मोठ्या हौसेने जबडा उघडून दाखवला. तुम्ही वाकून बघितलंत आणि ओरडलात, "अगं, ह्याला वर बी दात हायत!" लहान पोरासारखा चेहरा झाला होता तुमचा. घोडेवाला भाव सांगायला लागला, तुम्ही त्याला नमस्कार केलात आणि परत येताना मला म्हणालात, "जा, तुजे इंग्रज बराबर हायत. ज्याला वरखाली दात हायत त्याच्या तोंडात कशाला बगायचं? त्यो काय बी खाईल. गाईची गोष्ट येगळी." तेवढ्यावर आपला समझोता झाला असं मी समजत होते. पुढच्या दिवाळीत तुम्ही पुन्हा सुरू.

गेल्या महिन्यात शेवटचं भेटलो. तुम्ही पडवीत खाटेवर होता, आवाज खोल गेला होता. विचारलंत, "माजा अर्थ लिवलास का फळ्यावर कवा?" मी म्हटलं, भाऊ, पोरं तोच परीक्षेत लिहितील, मार्क जातील त्यांचे. तुम्ही म्हणालात, "मंग ऱ्हाऊ दे. पोरांचं मार्क जाया नगं." त्या क्षणी मी ठरवलं, आज सांगायचं. सातबाऱ्याचं आजच सांगायचं. तुमचा हात हातात घेतलाही होता. तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला आणि तुम्हीच म्हणालात, "जा, चुकंल."

गेले मी. आपल्याकडे दिवसाला दोनच गाड्या, ही सबब आहे म्हणा. पण ती गाडी चुकली असती तर काय झालं असतं, भाऊ? एक रात्र राहिले असते. आज ते इतकं सोपं वाटतं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आज डोळे पुसून मी वर्गात तुमचा अर्थ लिहिला. पुस्तकातल्या अर्थाच्या खाली. दान मिळालेल्या जनावराचं तोंड जरूर बघावं, त्याला काय खाऊ घालायचं ते कळण्यासाठी. मुलांना म्हटलं, परीक्षेत वरचा लिहा. ती मागच्या बाकावरची मुलगी पुन्हा उठली, "मग खालचा कुठे लिहायचा?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं असतं. तुम्हाला विचारायला म्हणून मी मधल्या सुट्टीत फोन हातात घेतलासुद्धा. तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि तसंच धरून उभी राहिले.

मी आयुष्यभर तुमचे दात मोजत राहिले, भाऊ. तुम्ही खरे किती, खोटे किती. आणि तुम्ही मला बघत होतात, या पोरीला काय चावतं, काय चावत नाही ते. बघत दोघंही होतो. एवढं कळायला मला तुमचा तेरावा उजाडावा लागला.

परवा पाहुणे गेल्यावर मी आणि आई मागच्या दारी तांब्याची भांडी घासत बसलो होतो. तुम्हाला नाही तर नाही, निदान तिला तरी सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं. "आई, लग्नाच्या आधी मी तुम्हा दोघांना न सांगता आपल्या खाचरांचा सातबारा काढला होता."

तिने हातातली चिंच थांबवलीही नाही. "ठावं हाय."

"तुला?"

"त्यांस्नी बी. त्याच दिवशी कळलं. आमी शेतात भाताचा राब भाजाया पाला पसरीत व्हतो. कोतवाल सायकल हानीत आला, म्हनला, तुमची पोरगी उतारा काढाया आलीया तलाठ्याकडं. मी तर बांदावर बसून रडाया लागले. म्हनलं, काय केलं ह्या कार्टीनं, ह्यांच्या मनाला काय वाटंल."

"मग? भाऊ काय म्हणाले?"

"मला काय न्हाई म्हनले. कोतवालाला इचारलं, 'तलाठी हाय का हापिसात आज? का उगाच हेलपाटा पडतो पोरीला, ह्या उनाचा?'"

"एवढंच?"

"येवढंच. मंग पुन्यांदा पाला पसराया लागले."

होते, भाऊ. तलाठी होते त्या दिवशी कचेरीत. उतारा पहिल्याच खेपेला मिळाला. हेलपाटा नाही पडला मला.